पाळी आली, पण उपासमार चालूच होती: ॲनोरेक्सिया नर्व्होसामधील हॉर्मोन बदलांचा एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कोणा एका रुग्णाचे नाही. ॲनोरेक्सिया नर्व्होसामध्ये, म्हणजे वजनाच्या भीतीने स्वतःला उपाशी ठेवण्याच्या मानसिक आजारात, वारंवार दिसणारी लक्षणे, रिपोर्टमधले नेहमीचे आकडे आणि उपचारात हमखास होणाऱ्या चुका एकत्र करून ते रचले आहे. या सगळ्या चुका एकाच मुलीच्या फाइलमध्ये ओळीने सापडणे मुळीच दुर्मीळ नाही, म्हणून त्या इथे एकत्रच ठेवल्या आहेत.

रुग्ण १७ वर्षांची मुलगी. उंची १६२ सेंमी. पहिली पाळी साडेबाराव्या वर्षी, पुढे तीन वर्षे नियमित. साडेपंधराव्या वर्षी वजन ५४ किलो होते, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २०.६, आणि लहानपणापासूनच्या वाढीच्या आलेखावर ती याच रेषेवरून चालत आली होती. त्यानंतर जेवण कमी होत गेले, व्यायाम वाढत गेला. वजन ४८ किलोच्या आसपास आले तेव्हा पाळी थांबली. दाखल झाली त्या दिवशी वजन ४०.२ किलो, बीएमआय १५.३, म्हणजे तिच्या वयाच्या मुलींच्या मध्यक (मधल्या) बीएमआयच्या सुमारे ७३ टक्के. जागेपणी नाडी ४२, रात्री ३८. रक्तदाब ८८/५४. तोंडातले तापमान ३५.४ अंश सेल्सिअस. झोपलेली असताना आणि उभी राहिल्यावर मोजलेल्या नाडीत ३४ ठोक्यांचा फरक. हातपाय गार आणि निळसर, पाठीवर आणि दंडांवर बारीक मऊ लव, त्वचा कोरडी.

दाखल करण्याचा निर्णय यावरच झाला. किशोरवयीन मुलांमध्ये मध्यक बीएमआयच्या ७५ टक्के किंवा त्याखालचे वजन, दिवसा ५० खाली किंवा रात्री ४५ खाली नाडी, ९०/४५ खाली रक्तदाब, ३५.६ अंशांखाली तापमान, उभे राहताच नाडी २० हून जास्त वाढणे, यांपैकी एक गोष्ट असली तरी घरी उपचार सुरू करू नयेत. इथे जवळजवळ सगळ्याच होत्या. तरीही मुलगी हसून बोलत होती, अभ्यासात पुढे होती आणि "मला काहीच होत नाही" असे सांगत होती. या आजारात रुग्णाच्या बोलण्यापेक्षा नाडीवर विश्वास ठेवावा.

फाइलमध्ये आधीच असलेली निदाने

मुलगी आली ती तीन निदाने आणि चार सल्ले घेऊन. चौदा महिन्यांत वेगवेगळ्या ठिकाणी दाखवून झाले होते आणि प्रत्येक ठिकाणी एकेक रिपोर्ट सुटा वाचला गेला होता.

पाळी थांबली म्हणून सोनोग्राफी झाली. अंडाशयात बरेच लहान फॉलिकल (बीज असलेल्या पिशव्या) दिसले आणि "पीसीओएस" (पुरुषी हॉर्मोन वाढण्याचा अंडाशयाचा विकार) असा शिक्का बसला. सल्ला मिळाला वजन आटोक्यात ठेवण्याचा. जी मुलगी वजनाच्या भीतीने अर्धपोटी राहत होती तिला हा सल्ला म्हणजे परवानाच वाटला. वास्तविक हायपोथॅलॅमस, म्हणजे मेंदूतला हॉर्मोनांवर हुकूम चालवणारा भाग, शांत झाल्यामुळे थांबलेल्या पाळीतही अंडाशयात अनेक लहान फॉलिकल दिसू शकतात. फरक इतर खुणांत असतो. हायपोथॅलॅमसमुळे थांबलेल्या पाळीत गर्भाशय लहान, आतले अस्तर पातळ, इस्ट्रोजेन (स्त्री हॉर्मोन) कमी आणि एलएच (अंडाशयाला चालना देणारे हॉर्मोन) खाली असते. पीसीओएसमध्ये एलएच सहसा खाली जात नाही, अस्तर पातळ होत नाही आणि पुरुषी हॉर्मोन वाढल्याच्या खुणा असतात. वजन उतरल्यावर थांबलेली पाळी आणि पातळ अस्तर असे दोन्ही असताना पीसीओएस लिहिणे ही घातक चूक आहे.

पाळी "आणण्यासाठी" सहा महिने गर्भनिरोधक गोळ्या दिल्या गेल्या. दर महिन्याला रक्तस्राव होऊ लागला आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडला. या गोळ्यांकडे पुढे सविस्तर येऊ.

थकवा, थंडी वाजणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा म्हणून थायरॉइड तपासले. टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे हॉर्मोन) १.९, पण टी३ (थायरॉइडचे प्रत्यक्ष काम करणारे हॉर्मोन) ५८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे नेहमीच्या ८० ते २०० या मर्यादेच्या बरेच खाली. लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची (टी४ ची) गोळी, ५० मायक्रोग्रॅम सुरू झाले. पुढच्या चार महिन्यांत आणखी ३ किलो वजन गेले.

आणि एलडीएल ("वाईट") कोलेस्टेरॉल १५८ निघाले, म्हणून चरबी कमी असलेला आहार सांगितला गेला. उपासमारीत कोलेस्टेरॉल वाढणे वाचणाऱ्याला उलटे वाटते, पण ॲनोरेक्सियात ते नेहमीचे आहे. टी३ खाली गेल्याने यकृत एलडीएल नीट उचलत नाही आणि पित्तावाटे कोलेस्टेरॉल बाहेर पडण्याचे प्रमाणही घटते. खाण्यातल्या चरबीशी त्याचा संबंध नाही. पोषण सुधारले की ते आपोआप उतरते, तोवर औषधही नको आणि पथ्यही नको.

दाखल झाल्यावरचे आकडे आणि त्यांचे वाचन

गर्भनिरोधक गोळ्या तीन महिन्यांपूर्वीच बंद झाल्या होत्या, म्हणून लैंगिक हॉर्मोनचे आकडे वाचण्याजोगे होते. गोळी चालू असताना एलएच, त्याच्या जोडीचे एफएसएच आणि इस्ट्रॅडिऑल (मुख्य इस्ट्रोजेन) तपासणे व्यर्थ आहे. गोळीच त्यांना दाबते, आणि दोष कोणाचा हे कळत नाही. किमान सहा आठवडे थांबावे.

एलएच ०.३, एफएसएच २.१ युनिट प्रति लिटर. इस्ट्रॅडिऑल १५ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी. प्रोलॅक्टिन (दूध आणणारे हॉर्मोन) ९, गर्भ चाचणी नकारात्मक. सकाळचे कॉर्टिसॉल (ताणाचे हॉर्मोन) २४ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. ग्रोथ हॉर्मोन ११ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, पण आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोनमुळे यकृतात बनणारे, वाढ घडवणारे हॉर्मोन) फक्त ११८, या वयाच्या मानाने अगदी कमी. लेप्टिन ०.९. उपाशीपोटी साखर ६२, इन्सुलिन १.५. लेव्होथायरॉक्सिनवर असताना टीएसएच ०.३, मुक्त टी४ १.५, आणि टी३ तरीही ६१. पांढऱ्या पेशी ३,२००, यकृताची एएलटी ६४, सोडियम १३३, फॉस्फेट ३.१, ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) ३.

ईएसआरकडे लक्ष द्यावे. ॲनोरेक्सियात तो सहसा कमीच असतो. बारीक होत चाललेल्या मुलीत ईएसआर वाढलेला निघाला तर आतड्याचा दाह, क्षय, सिलिॲक आजार अशा गोष्टी आधी शोधाव्यात. तसेच कॉर्टिसॉलचे. ते वरच्या बाजूला असणे अपेक्षित आहे. वजन उतरलेल्या, रक्तदाब कमी असलेल्या रुग्णात ते खाली आणि पोटॅशियम वर असेल तर ॲड्रिनल ग्रंथीच्या आजाराचा विचार करावा. इथे सोडियम थोडे कमी होते त्याचे कारण जास्त पाणी पिणे, म्हणून पुढे प्रत्येक वजनाआधी लघवीचे विशिष्ट गुरुत्व (ती किती पातळ आहे ते) पाहिले गेले.

आता या आकड्यांना एकत्र धरू. शरीरात येणारी ऊर्जा घटली की चरबीच्या पेशी लेप्टिन कमी सोडतात. हायपोथॅलॅमसच्या दृष्टीने लेप्टिन म्हणजे साठ्याची खबर. खबर आली नाही की तो खर्च कापायला लागतो, आणि आधी कापतो तो तातडीचा नसलेला खर्च: पुनरुत्पादन, वाढ, उष्णता, हाडांची बांधणी. जगायला लागते ते, म्हणजे मेंदूला साखर, ते राखून ठेवतो. वरचे सगळे आकडे या एका निर्णयाच्या नोंदी आहेत. ग्रंथी निरोगी आहेत आणि हुकूम पाळत आहेत.

पुनरुत्पादनाचा भाग सर्वांत सविस्तर माहीत आहे. हायपोथॅलॅमसमधून जीएनआरएच हे हॉर्मोन साधारण दर ६० ते ९० मिनिटांनी ठोक्याने सुटते, त्याला प्रतिसाद म्हणून मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच सोडते. उपासमारीत हे ठोके विरळ होतात, मग जवळजवळ थांबतात. एलएच एफएसएचपेक्षा जास्त खाली जाते, आणि हे गुणोत्तर पाहिले की पाळी न सुरू झालेल्या लहान मुलीचा रिपोर्ट वाचतो आहोत असे वाटते. तो योगायोग नव्हे. मेंदू खरोखरच वयात येण्याआधीच्या अवस्थेत परत गेलेला असतो. बरे होताना ठोके आधी झोपेत दिसतात, दिवसा नंतर, अगदी वयात येतानाच्या क्रमाने. संशोधक ॲन लाउक्स यांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निरोगी तरुणींची ऊर्जा फक्त पाच दिवस घटवली होती. शरीराच्या चरबीविरहित वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० किलोकॅलरींच्या खाली येताच एलएचचे ठोके विस्कळीत झाले. वजन घटण्याची वाट मेंदूने पाहिलीच नाही. हा आकडा पुढे या प्रकरणात कामी येतो.

मुलग्यांमध्ये हीच घट टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनमध्ये दिसते. पण पाळीसारखी ठळक खूण नसल्याने त्यांचे निदान उशिरा होते. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत पाळी थांबण्याची अट निदानातून काढली गेली, तिच्यामुळे मुलगे आणि पाळी चालू असलेल्या मुली दोघेही निसटत होते.

थायरॉइडचे गणित वेगळ्या प्रकारे फसवते. टी४ हे साठवणीचे रूप, टी३ हे कामाचे. उपासमारीत टी४ चे टी३ होणे कमी होते आणि तेच टी४ निष्क्रिय अशा रिव्हर्स टी३ कडे वळवले जाते. टीएसएच नॉर्मल राहते, कारण ग्रंथी आजारी नाहीच. बाहेरून टी४ दिले तर या मुलीत झाले तसे होते: टीएसएच दबते, टी४ वाढते, टी३ जागचे हलत नाही आणि जादा टी४ बहुतेक निष्क्रिय रूपात जाते. जेवढे काही टी३ बनेल तेवढे स्नायू झिजवते आणि आधीच अशक्त हृदयावर भार टाकते. वर, वजन उतरवणारे औषध म्हणून ही गोळी रुग्णाला आवडू लागते, हा वेगळाच धोका. ती दाखल झाली त्या दिवशी बंद केली. ग्रंथी निरोगी असल्याने मात्रा हळूहळू उतरवण्याची गरज नव्हती. सहा आठवड्यांनी टीएसएच १.७ आले.

ग्रोथ हॉर्मोन जास्त आणि आयजीएफ-१ कमी, ही जोडी नवख्या डॉक्टरांना कोड्यात टाकते. यकृत ग्रोथ हॉर्मोनला दाद देत नाही, म्हणून वाढ घडवणारे आयजीएफ-१ बनत नाही. ग्रोथ हॉर्मोन स्वतः मात्र चरबी फोडून इंधन पुरवत राहते. म्हणजे वाढीचे काम बंद, इंधनाचे चालू. कॉर्टिसॉलही तेच करते, स्नायूंतली प्रथिने मोडून साखर बनवते. ते वाढते कारण मेंदूकडून चालना जास्त मिळते आणि शरीरातून निचराही मंदावतो. कुशिंग आजारासारखा (कॉर्टिसॉल फार वाढण्याचा आजार) सुजट चेहरा किंवा सुटलेले पोट यात दिसत नाही, कारण साठवायला काही उरलेलेच नसते. पण हाडांना आणि मनाला त्याची किंमत मोजावी लागते.

भूक वाढवणारे घ्रेलिन वर असते आणि भूक मारणारे पेप्टाइड वायवायही वर असते. त्यात जठर सावकाश रिकामे होते. दोन घास खाऊन पोट गच्च झाल्याची तक्रार हा बहाणा नसतो, हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगावे.

घरच्यांना आणखी एक गोष्ट सांगितली गेली आणि तिचा उपयोग झाला. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. ते दिवसभर अन्नाबद्दल बोलू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले, घास चिवडत तासन्‌तास जेवू लागले, थंडीने कुडकुडू लागले, एकलकोंडे आणि चिडचिडे झाले. त्यांना ॲनोरेक्सिया नव्हता. या मुलीचे वजनही ५४ वरून ४०.२, म्हणजे साधारण तेवढेच घटले होते. तिच्या वागण्यातला किती भाग उपासमारीचा आहे हे कळल्यावर आईवडिलांचा राग पुष्कळ निवळला.

ग्रंथींवर संशय घेण्याची चूक जुनी आहे. १९१४ मध्ये मॉरिस सिमंड्स यांनी पिट्युटरी नष्ट झाल्यामुळे होणाऱ्या आजाराचे वर्णन केले, आणि पुढची दोन-तीन दशके ॲनोरेक्सियाच्या अनेक रुग्णांना पिट्युटरीचे रोगी समजून ग्रंथींचे अर्क दिले गेले. आज अर्कांची जागा गोळ्यांनी घेतली आहे.

गोळीने काय केले

गर्भनिरोधक गोळीवर येणारा रक्तस्राव म्हणजे पाळी नव्हे. गोळीतले हॉर्मोन गर्भाशयाचे अस्तर वाढवतात आणि मधल्या रिकाम्या दिवसांत ते गळते. अंडाशय झोपलेले, हायपोथॅलॅमस झोपलेला, आणि कॅलेंडरवर मात्र २८ दिवसांची खूण. या सहा महिन्यांत मुलीचे वजन ४५ वरून ४३ वर आले होते, पण "आता सगळे ठीक आहे" असे समजून वजन कोणी पाहिलेच नाही. शरीराची धोक्याची घंटा बंद पडली होती.

हाडांसाठी तरी फायदा झाला असेल, ही समजूतही चुकीची. तोंडावाटे घेतलेले इस्ट्रोजेन आतड्यातून थेट यकृतात जाते आणि तिथे आयजीएफ-१ आणखी दाबते. हाड बांधायला इस्ट्रोजेन आणि आयजीएफ-१ दोन्ही लागतात. एक देताना दुसरे हिरावले गेले तर हाडांच्या पदरात काही पडत नाही. ॲनोरेक्सियात गर्भनिरोधक गोळ्यांनी हाडांची घनता वाढत नाही, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. हॉर्मोनतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या मार्गदर्शनातही केवळ पाळी आणण्यासाठी किंवा हाडांसाठी या गोळ्या देऊ नयेत असेच म्हटले आहे. गर्भनिरोधनाची खरी गरज असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा रक्तस्रावाला बरे होण्याची खूण समजू नये एवढे स्पष्ट सांगून द्याव्यात.

पहिले दहा दिवस

उपासमारीत इन्सुलिन खाली असते. अन्न सुरू होताच ते उसळते आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांना रक्तातून पेशींत ओढते. रक्तातले फॉस्फेट फार घसरले तर हृदयाची लय बिघडते, श्वासाचे स्नायू थकतात, गोंधळ आणि झटके येतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. धोका पहिल्या आठवड्यात सर्वाधिक. सुरुवातीचा नॉर्मल आकडा इथे भाबडा दिलासा देतो, कारण शरीरातला एकूण साठा रिता असतो आणि रक्तातला आकडा तो दाखवत नाही.

पहिल्या घासाआधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व) सुरू झाले, दिवसाला २०० मिलिग्रॅम. आहार १,६०० किलोकॅलरींवर सुरू करून दर एक-दोन दिवसांनी २०० ने वाढवला. सहा वेळा खाणे, त्यातले शेवटचे झोपण्याआधी. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पहिले सात दिवस रोज, त्यानंतर एक दिवसाआड. हृदयाचे मॉनिटर चालू. पूर्वी हजाराच्याही खाली सुरुवात करून अतिसावध चढत, त्यात पहिल्या आठवड्यात वजन उलट घटत असे. सतत देखरेख असेल तर १,४०० ते २,००० किलोकॅलरींपासून सुरुवात सुरक्षित ठरते. मात्र वजन अतिशयच कमी असेल, आधीच क्षार बिघडलेले असतील किंवा पाच-दहा दिवस जवळजवळ काहीच खाल्लेले नसेल, तर खालून आणि हळूच चढावे.

तिसऱ्या दिवशी फॉस्फेट २.३ वर उतरले. तोंडावाटे फॉस्फेट ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिले, आहार मागे घेतला नाही. पाचव्या दिवशी ते ३.० झाले. त्याआधी, दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर दोन तासांनी साखर ५४ निघाली होती. यकृतात ग्लायकोजेनचा, म्हणजे साखरेचा, साठा नसला की जेवणानंतर सुटलेल्या इन्सुलिनला आवर घालणारे काही नसते. अशा वेळी नुसती साखर देऊन चालत नाही, ती पुन्हा इन्सुलिन उसळवते. लगेच ग्लुकोज आणि पाठोपाठ प्रथिने व चरबी असलेले खाणे दिले, रात्रीचे खाणे चुकू दिले नाही.

दहाव्या दिवशी आहार २,८०० वर होता. तिसऱ्या आठवड्याअखेर वजन ४२.९, दिवसाची नाडी ५४. मुलीला घरी पाठवले. जेवणाची जबाबदारी आईवडिलांवर, कुटुंबाधारित मानसोपचार आठवड्यातून एकदा.

घरी: आधी सावरलेले आणि मागे राहिलेले

हॉर्मोन एकदम परतत नाहीत, आणि क्रम माहीत नसला की घाबरगुंडी उडते. सर्वांत आधी टी३ आणि शरीराची उष्णता. सहाव्या आठवड्यात वजन ४५, टी३ ८६. याच सुमारास मुलीला रात्री घाम फुटू लागला, तोंड लाल होऊ लागले आणि २,८०० खाऊनही वजन थांबले. शरीर बचत सोडून खर्च करू लागले होते. या टप्प्यावर ३,००० ते ४,००० किलोकॅलरी लागणे नेहमीचे आहे. आहार ३,४०० केला आणि वजन पुन्हा आठवड्याला अर्धा किलो चढू लागले.

दुसरी अडचण जास्त नाजूक. परतणारे वजन आधी पोटाभोवती बसते. मुलीने आरशात पाहिले आणि तीन दिवस जेवण अर्धे केले. वजन टिकवले तर साधारण वर्षभरात ही चरबी सगळीकडे नीट विभागली जाते. हे आधीच सांगून ठेवायला हवे होते. पोट दिसल्यावर सांगितलेले समजूत घातल्यासारखे वाटते, आधी सांगितलेले खरे ठरते.

बाराव्या आठवड्यात कॉर्टिसॉल १७, आयजीएफ-१ २१०, एलएच १.४. पाचव्या महिन्यात वजन ४९.६ झाले. वयाच्या मध्यक बीएमआयच्या ९० टक्के म्हणजे हेच. या टप्प्यावर पोहोचलेल्या बहुतेक मुलींची पाळी पुढच्या सहा महिन्यांत सुरू होते, आणि बहुधा पाळी थांबली त्या वजनापेक्षा सुमारे २ किलो जास्त लागतात. पण सातव्या महिन्यातही वजन ४९.६ वरच अडलेले, एलएच १.५, इस्ट्रॅडिऑल १८. घरचे पुन्हा "पाळीची गोळी" मागू लागले.

गोळीऐवजी हिशेब केला गेला. चरबी १८ टक्के धरली तर चरबीविरहित वजन सुमारे ४०.७ किलो. वजन लक्ष्यावर आले म्हणून घरच्यांनी आहार २,२०० वर आणला होता. आणि विश्वासात घेऊन विचारल्यावर कळले की मुलगी रात्री खोलीचे दार लावून व्यायाम करत होती, रोज सुमारे १,००० किलोकॅलरींचा. उरले १,२००, भागिले ४०.७: दर किलोमागे २९.५. म्हणजे लाउक्स यांच्या ३० च्या रेषेखाली. वजनकाटा स्थिर होता, पण मेंदूला रोज टंचाईचीच खबर जात होती. पाळी नीट चालायला साधारण ४५ लागतात.

इथे दोन चुका होत्या. एक, ९० टक्के हा टप्पा आहे, मुक्काम नव्हे. मुलीची स्वतःची रेषा ५४ किलोची होती, तेव्हा लक्ष्य ५२ ते ५४ ठेवायला हवे होते. वाढत्या वयात ही रेषाही वर सरकते, म्हणून लक्ष्य दर सहा महिन्यांनी नव्याने मांडावे लागते. दोन, वजन लक्ष्यावर आल्यावर आहार कापणे. हालचाल थांबेपर्यंत आणि पाळी परतेपर्यंत कापू नये. व्यायाम बंद केला, रात्री आई खोलीत झोपू लागली, आहार पुन्हा ३,००० केला.

लेप्टिनच का देऊ नये, हा प्रश्न रास्त आहे. २००४ मध्ये काही स्त्रियांना लेप्टिनची इंजेक्शने दिल्यावर त्यांचे एलएच वाढले आणि काहींची बीजनिर्मितीही खरोखर परतली. त्यांची पाळी हायपोथॅलॅमसमुळेच थांबली होती, त्यामुळे लेप्टिनची खबर किती महत्त्वाची आहे हे दिसले. पण लेप्टिन भूक मारते आणि वजन उतरवते. ॲनोरेक्सियात ते उपचार म्हणून वापरणे सध्या योग्य नाही.

नवव्या महिन्यात वजन ५१.८, एलएच ४.२, इस्ट्रॅडिऑल ४१, लेप्टिन ४.६. दहाव्या महिन्यात ५३ किलोवर पाळी आली, औषधाविना. पहिली तीन चक्रे ३८ ते ५० दिवसांची होती, ती तशीच असतात. बीजनिर्मिती पहिल्या पाळीच्या आधीच होऊ शकते, त्यामुळे पाळी नाही म्हणजे गर्भ राहणार नाही असे धरू नये, हे मुलीला एकटीला बसवून सांगितले गेले.

हाडे

पाळी सहा महिन्यांहून जास्त थांबली असेल तर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करावी. या वयात टी-स्कोअर (तरुण प्रौढांशी तुलना) पाहू नये, झेड-स्कोअर (त्याच वयाच्या मुलींशी तुलना) पाहावा. दाखल होताना कण्याचा झेड-स्कोअर उणे २.३, नितंबाचा उणे १.६. कण्याचे जाळीदार हाड आधी झिजते, म्हणून हा फरक. इस्ट्रोजेन आणि आयजीएफ-१ कमी, कॉर्टिसॉल जास्त, स्नायू क्षीण, आणि हे सगळे नेमके हाडांचे भांडवल जमा होण्याच्या वर्षांत. प्रौढपणी उपासमारीत हाड फक्त झिजते, किशोरवयात ते झिजते आणि बनायचे तेही बनत नाही.

कॅल्शियम आहारातून आणि गरजेपुरते गोळीतून मिळून रोज १,३०० मिलिग्रॅम ठेवले. डी जीवनसत्त्व १७ होते, ते ३० च्या वर आणले. ही दोन्ही लागतात, पण एकट्याने हाड परत आणत नाहीत. बिस्फॉस्फोनेट हे हाडांची झीज रोखणारे औषध दिले नाही. ते हाडांत वर्षानुवर्षे राहते आणि पुढे गर्भारपण यायचे असलेल्या मुलीत ते सहज देण्यासारखे औषध नाही.

इस्ट्रॅडिऑलच्या पट्टीचा विचार सातव्या महिन्यात झाला होता. त्वचेतून जाणारे नैसर्गिक इस्ट्रॅडिऑल यकृताला टाळून रक्तात जाते आणि आयजीएफ-१ दाबत नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ॲनोरेक्सियाच्या, हाडांची वाढ बरीच पूर्ण झालेल्या किशोरवयीन मुलींना १०० मायक्रोग्रॅमची पट्टी आठवड्यातून दोनदा आणि सोबत दर महिन्याला काही दिवस प्रोजेस्टिन (दुसरे स्त्री हॉर्मोन, प्रोजेस्टेरॉनसारखे) दिले, तेव्हा कण्याची आणि नितंबाची घनता वाढली. प्रोजेस्टिन वगळू नये, नाहीतर गर्भाशयाचे अस्तर बेसुमार वाढते. ही पट्टी पोषण, व्यायाम आणि मानसोपचार यांचा सहा ते बारा महिने प्रामाणिक प्रयत्न करूनही पाळी न आलेल्यांसाठी आहे. इथे प्रयत्नातली गळती सापडली होती, म्हणून ती बुजवून तीन महिने थांबायचे ठरले. गळती नसती तर पट्टी देणेच योग्य ठरले असते, कारण या वयात हाडांचे गेलेले वर्ष महाग पडते.

वर्षानंतरच्या डेक्सात कण्याचा झेड-स्कोअर उणे २.१, नितंबाचा उणे १.३. वजन, टी३, कॉर्टिसॉल, पाळी, कोलेस्टेरॉल सगळे जागेवर आले होते, एलडीएल औषधाविना १०२ झाले होते. हाड मात्र एवढेच सरकले. वजन परतल्यावर घसरण थांबते, भरून येणे संथ असते आणि काही वेळा अपुरेच राहते. चालणे आणि हलका वजनाचा व्यायाम देखरेखीखाली सुरू केला, धावणे आणि उड्या अजून वर्ज्य. पायाच्या नळीत किंवा पावलात ठरावीक जागी दुखले तर साधा एक्स-रे नॉर्मल असला तरी एमआरआय करायचा, कारण ताणाने गेलेली बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेवर दिसत नाही. पुढची डेक्सा बारा महिन्यांनी. पाळी सलग दोन चक्रे चुकली तर डेक्साची वाट न पाहता त्याच आठवड्यात वजन, उभ्या-आडव्या अवस्थेतली नाडी आणि ऊर्जेचा हिशेब, या क्रमाने पुन्हा तपासायचे, असे फाइलवर पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे.